चाक टेकल्यावर आवळ

ता. ३, बुधवार

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला इतका उशीर झाला याबद्दल आधी माफ कर. तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. मोतीबिंदू काढल्यापासून डॉक्टरांनी लिहिणं, वाचणं, वाकणं, ओझं उचलणं सगळं बंद केलंय. श्वास घ्यायला तेवढी परवानगी आहे. आज पट्टी निघाली आणि पहिला कागद तुझ्यासाठी पुढे ओढला. अक्षर वाकडं दिसलं तर डोळ्याला बोल लाव. पाचवीत शाळा सुटलेल्या माणसाचं ते आधी तरी कुठे सरळ होतं. फोन करावा तर तुमच्याकडचा टॉवर वादळात पडलाय आणि माझे कान त्याच्याही आधी पडलेत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खड्ड्यात गाडी मागून खडखडते, वळणावर तिची शेपटी हलते, आणि खाली वाकून बघितलंस तर मागच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या टोकाचं रबर फाटून लोंबतंय. त्या दांड्याला आर्म म्हणतात आणि रबराला बुश. एका बाजूचा गेला म्हणजे दुसराही गेला असं समज, म्हाताऱ्या नवराबायकोसारखं. अशा गाडीत विहीणबाईंना मागे निजवून घाट उतरायचा हे मला मुळीच पसंत नाही. पण त्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन वर्षभर वाट पाहून २४ तारखेला ठरलंय, बसमध्ये दहा तास ताठ बसणं त्यांना झेपणार नाही, जावईबापू टॉवर उभारायला डोंगरात गेलेत आणि खाणीचा फिटरही त्यांच्याबरोबर नेलाय. मग उरलं कोण. खाणीच्या दवाखान्यातली नर्स, म्हणजे तू.

तू स्वतः करते म्हणालीस तेव्हा मी आधी नाही म्हणणार होतो. मग नाही म्हणून दुसरं काय सुचवणार, ते सुचेना. म्हणून दोन्ही आर्म, नवे नट-बोल्ट आणि माझा लांब पाना पार्सलने पाठवलाय.

आता नीट वाच, आणि घाई करू नकोस. जागा सपाट हवी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल कर. मग जॅक लावून मागची बाजू उचल आणि लगेच दोन्हीकडे लोखंडी घोड्यांचा टेकू दे. खाणीच्या भांडारात मिळतील. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. हे वाक्य दोनदा वाच. आर्मच्या आतल्या टोकाच्या बोल्टला रेघा असलेली चकती असते. ती कुठे उभी आहे त्याची रंगाने खूण करून मगच सोड, नाहीतर चाक तिरकं बसेल. गंजलेल्या नटांवर आजपासून रोज तेल सोड. जुना आर्म निघाला की नव्याशेजारी ठेवून लांबी ताडून बघ.

नवा बसला की चाक हवेत लोंबतंय तोवरच दोन्ही टोकांचे नट पूर्ण ताकदीने आवळून टाक. पान्याला पाइप लाव म्हणजे जोर येईल. नंतर म्हणून ठेवू नकोस, गाडी खाली उतरली की हात घालायला जागा राहत नाही. चाळीस वर्षं मी असंच केलंय.

मला झोप नाही. विहीणबाईंना नमस्कार. लोभ आहेच, त्यात कमी करू नकोस.

तुझा
बाबा

•

ता. ७, रविवार

तीर्थरूप बाबांस,
खारूचा शि. सा. नमस्कार.

पत्र आणि पार्सल काल एकाच टपालगाडीने आलं. पार्सल उचलून आणताना शिपाई विचारत होता की माहेरून तोफ आलीय का.

काळजी तुमचा डोळा बिघडवेल, म्हणून आधी चांगली बातमी. घोड्या मिळाल्या. भांडारवाल्याने आधी नाही म्हटलं, मग त्याला आठवण करून दिली की त्याच्या गळवावर पट्टी कोण बांधतं. नटांवर कालपासून सकाळ-संध्याकाळ तेल सोडते. खुणेसाठी रंग नव्हता, म्हणून जखमेला लावायचं जांभळं औषध वापरणार आहे. ते चामडीवरून पंधरा दिवस जात नाही, लोखंडावरून कशाला जाईल.

काम पुढच्या रविवारी, १४ तारखेला. त्या दिवशी मला ड्यूटी नाही आणि सासूबाईंना बॅटरी धरायची आहे. त्यांना म्हटलं, तुम्ही आत पडून राहा. तर म्हणाल्या की वर्षभर पडूनच आहे, एक दिवस बसून बघते. त्यांच्या पावलांची सूज वाढलीय आणि दोन उश्यांवर झोपणाऱ्या बाईंना आता तीन लागतात. मी त्यांच्यासमोर हसत असते, पण नर्सला तीन उश्यांचा अर्थ कळतो. ही तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल ते कोणी सांगत नाही, आणि त्यांच्याकडे तितके दिवस आहेत असं मला वाटत नाही.

एक गंमत सांगू का, रागावू नका. लहानपणी मी तुमच्या ट्रकच्या डेपोत आले की तुम्ही मला दाराबाहेर उभं करायचात आणि दादाला आत घेऊन पाने ओळखायला लावायचात. दादा आज कापड मोजतो आणि पार्सल माझ्या नावाने आलंय.

डोळ्यात औषध घालायला विसरू नका. माया असू द्या.

तुमची
खारू

•

ता. ९, मंगळवार

चि. खारूस आशीर्वाद.

हे पत्र मिळताच, हातातलं काम टाकून, उभ्या उभ्या वाच.

मी तुला चुकीचं सांगितलं.

आज सकाळी आर्म ज्याच्याकडून घेतले त्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो होतो. खरं सांगायचं तर मिरवायलाच गेलो होतो की माझी मुलगी घरी आर्म बदलतेय. दुकानदाराने चहा मागवला, कौतुक केलं आणि सहज विचारलं की आवळायचं कसं सांगितलंत. मी सांगितलं. त्याने पेला खाली ठेवला. मग माझं मनगट धरलं, हात लांब करायला लावला, बाही घट्ट आवळून धरली आणि म्हणाला, आता कोपर वाकवा. बाही काचली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी जन्मभर ट्रक दुरुस्त केले. ट्रकला पितळी बुश, आत ग्रीस. तो कुठेही आवळा, आपल्या जागी फिरत राहतो. तुझ्या गाडीला रबर आहे. ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबताना आवळलं की गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो आणि तो कायम राहतो. नवं रबर खड्ड्याखड्ड्याला फाटत जातं. मी विचारलं, चाक निखळेल का. तो म्हणाला निखळणार नाही, पण फाटल्यावर ओल्या वळणावर ब्रेक दाबला की मागची बाजू बाहेर सरकेल. घाटात तेवढं पुरे.

तर असं कर. नवा आर्म बसव, पण नट नुसते हाताने लाव. चाक बसव. चाकाखाली जाड फळ्या दे म्हणजे खाली हात जायला जागा राहील. गाडी त्यांच्यावर उतरव, पुढे-मागे दगड लाव, मागून दोन-चारदा दाबून तिला तिच्या जागी बसू दे. आणि मग आवळ. चाक टेकल्यावर. आधीच आवळून झालं असेल तर घाबरू नकोस, सगळे नट सैल करून पुन्हा आवळ.

टपालगाडी गुरुवारी निघते, शनिवारी तुझ्याकडे पोचेल. तू काम रविवारच्या आत करणार नाहीस असं धरून चाललोय. पन्नास वर्षांत एकदा मुलीला शिकवायची वेळ आली आणि धडाच खोटा दिला. हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

मिळाल्याची पोच आधी टाक, बाकी नंतर.

बाबा

•

ता. १४, रविवार, संध्याकाळ

श्री. व्याहीबुवा यांस,
स. न. वि. वि.

सूनबाई आंघोळीला गेलीय. डोक्यापासून पायापर्यंत काळी झाली होती, आरशाने ओळख दिली नाही. म्हणून आजचं पत्र मी लिहिते. टपालगाडी बंद आहे. बुधवारच्या पावसात मुख्य रस्त्यावरची मोरी खचली. खाणीचे ट्रक नदीपात्रातल्या जुन्या वाटेने जातात, टपालवाले तेवढा धीर करत नाहीत. एक ट्रक उद्या पहाटे तुमच्या गावाला निघतोय, त्याच्या ड्रायव्हरकडे हे देते.

काम झालं. सकाळी सातला सुरू केलं, पाचला संपलं. उजवी बाजू शहाण्या मुलासारखी सुटली. डावीचा आतला बोल्ट मात्र जावयासारखा रुसून बसला. सूनबाईने तेल घातलं, ठोकलं, पुन्हा तेल घातलं. बोटांची सालं निघाली. मध्येच ती तशीच गाडीखाली पडून राहिली. विचारलं तर म्हणाली, रडतेय, दोन मिनिटं थांबा. दोन मिनिटांनी बोल्ट निघाला. तुम्ही हिला लहानपणी दाराबाहेर उभं का करत होतात ते मला कळलं नाही, पण चूक केलीत एवढं सांगते.

मी खुर्चीवर बसून एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात तुमचं पत्र धरलं होतं. मी वाचायचं आणि तिने करायचं असं ठरलं होतं. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. चाक हवेत लोंबतंय तोवरच पूर्ण ताकदीने आवळ, हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिनेही पाइप लावून असं आवळलं की घोडी करकरली. मग गाडी खाली घेतली आणि मला आत नेऊन झोपवलं.

आता दुसरी बातमी. काल फेरीवरचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले होते. माझं ऐकून त्यांनी बराच वेळ नळी छातीवरून काढली नाही. २४ तारखेपर्यंत थांबू नका म्हणाले आणि हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. सूनबाईला आधी माझ्या औषधांचा मेळ घालायचाय, म्हणून आम्ही शुक्रवारी, १९ तारखेला सकाळी निघतो. त्याच जुन्या वाटेने आणि पुढे घाटाने.

तुम्हाला म्हणून लिहिते, सुनेला आणि लेकाला बोललेले नाही. ऑपरेशनची मला फार भीती वाटते. गाडीची तेवढी वाटत नाही. तुम्ही सांगितलंत तसं झालंय, त्यामुळे तिथे निर्धास्त आहे.

डोळ्यांना जपा. स्नेह आहे तसाच राहू द्या.

आपली
विहीण

•

ता. १७, बुधवार

चि. खारूस आशीर्वाद.

माझं ९ तारखेचं पत्र तुला मिळालेलं नाही, हे विहीणबाईंच्या पत्रावरून आज कळलं. ते खचलेल्या मोरीच्या अलीकडे कुठल्या तरी थैलीत पडलं असेल. त्यात जे होतं ते पुन्हा लिहितो.

आर्मचे नट चाक लोंबताना आवळायला नको होते. ती माझी चूक, तुझी नाही, विहीणबाईंच्या वाचण्याची तर नाहीच. गाडी जमिनीवर तिच्या स्वतःच्या वजनाने उभी असताना सगळे नट एकदा सैल करायचे आणि तिथेच पुन्हा पूर्ण आवळायचे. मागच्या चाकांखाली फळ्या दे म्हणजे हात पोचेल. तासाभराचं काम आहे. ते केल्याशिवाय घाट उतरू नको. नदीपात्रातल्या दगडांवर त्या रबराचं काय होईल याचा विचार मी करत नाही म्हणतो आणि दुसरं काही करतही नाही.

खाणीचा ट्रक उद्या सकाळी परत निघतोय. मी ड्रायव्हरबरोबर येणार होतो. डोळ्याचा हिरवा पडदा बघून त्याने मला न्यायला नकार दिला. म्हणाला आजोबा, दगडांवर तुमचा डोळा खिशात घेऊन फिरावं लागेल. म्हणून हे पत्र दोन प्रतींत लिहिलंय. एक त्याने तुझ्या हातात द्यायची. त्याला उशीर झाला, चिखलात अडकला तर हाती असावी म्हणून दुसरी आधीच घाटाच्या तोंडाशी पेट्रोल पंपावर ठेवून तो पुढे येईल. तिथे तू टाकी भरतेसच. पंपवाल्याला निरोप आहे की निळी गाडी, नर्सबाई चालवतात, मागे म्हाताऱ्या बाई आडव्या.

पंपावर मिळालं तर पंपावरच कर. पंपवाल्याकडे फळ्या नसतील तर विटा माग. विहीणबाईंना झाडाखाली बसव. त्या रागावतील, रागावू देत. माझं नाव सांग.

मिळालं एवढा एक शब्द कुणाच्याही हाती पाठव.

बाबा

•

ता. २०, शनिवार, हॉस्पिटल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आम्ही पोचलो. काल संध्याकाळी सहाला. दोघी सुखरूप, गाडीही. आता सावकाश वाचा.

ट्रक आमच्याकडे आलाच नाही. पात्रात रुतून बसला होता, आम्ही त्याच्या बाजूने आलो. ड्रायव्हर माणसं आणायला पायी गेला होता, त्यामुळे भेट झाली नाही. पत्र मिळालं ते पंपावर. पंपवाल्याने काचेतून मागे बघितलं आणि पाकीट सरळ सासूबाईंच्या हातात दिलं. मी पेट्रोलचे पैसे देऊन आले तर त्या उठून बसल्या होत्या आणि मोठ्याने वाचत होत्या. जिथे तुम्ही म्हणता की ती माझी चूक, तिथे त्यांनी कागद खाली केला. समोर घाटाचा उतार दिसत होता. त्यांनी विचारलं, आता काय करायचं.

मग मला सांगावं लागलं, तेच तुम्हालाही सांगते. मी ते सोमवारीच केलं होतं.

रविवारी गाडी खाली घेतली तेव्हा ती मागून उंच राहिली, मांजर अंग ताणतं तशी. म्हटलं बसेल हळूहळू. पण सोमवारी ड्यूटीवर एका कामगाराच्या कोपराला पट्टी बांधत होते. त्याने हात सरळ ठेवला होता आणि मी सवयीने त्याला वाकवायला सांगितलं. सांधा ज्या स्थितीत राहणार त्याच स्थितीत बांधायचा, नाहीतर पट्टी काचते, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. पट्टी अर्धी झाली होती आणि मला गाडी आठवली. दुपारी घरी येऊन मागची चाकं जाड फळ्यांवर घेतली, दगड लावले आणि गाडी उभी असतानाच नट सैल केले. डावा सुटला तेव्हा बुशच्या आतली लोखंडी नळी आपली आपण बोटभर फिरली, कुणीतरी कण्हल्यासारखा बारीक आवाज आला आणि मागची बाजू दोन बोटं खाली बसली. मग तिथेच आवळले.

सासूबाई तेव्हा झोपल्या होत्या. त्यांना सांगितलं नाही, कारण तुमच्या पत्रावर त्यांचा फार भरवसा होता. आणि तुम्हालाही कळवायचं नव्हतं. चाळीस वर्षं असंच केलंय असं लिहिलं होतंत, त्यावर मी काय बोलणार. तुम्ही इतका जीव टांगणीला लावून बसला असाल हे माहीत असतं तर त्याच दिवशी लिहिलं असतं. माझं चुकलं.

हे ऐकून सासूबाई परत आडव्या झाल्या आणि म्हणाल्या की व्याहीबुवांनी डोळ्याचं ऑपरेशन आधीच करून घ्यायला हवं होतं. मग आम्ही घाट उतरलो. खाली आल्यावर बघितलं तर माझ्या सीटची कड मुठीत घट्ट धरलेली होती.

ऑपरेशन सोमवारी, २२ तारखेला सकाळी. यांनाही निरोप गेलाय. लोभ असावा.

खारू

•

ता. २२, सोमवार, दुपार

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी हाती आलं. या वेळी विहीणबाई आत असतील. घरात बसवेना म्हणून पोस्टाच्या बाकावर बसून लिहितोय.

तुला खरं सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. म्हटलं पोर शहाणी आहे, म्हाताऱ्याला रात्रभर झोप लागावी म्हणून पट्टी आणि कोपर रचून लिहिलंय. गाडी पोचली ती नशिबाने, परत जाताना रबर फाटायचं ते फाटणारच. तसाच दुकानदाराकडे गेलो आणि त्याला पत्र वाचून दाखवलं. नळी बोटभर फिरली, बारीक कण्हली, मागची बाजू दोन बोटं खाली बसली, इथे त्याने मला थांबवलं. म्हणाला, हे घरी बसून कुणाला सुचत नाही, ज्याने नट सोडला त्यालाच ऐकू येतं. मग त्याने विचारलं की या बाईंना कुणी शिकवलं. मी म्हणालो, दवाखान्याने. माझं नाव त्यात घ्यायला मला तोंड नव्हतं.

तू चूक पकडलीस आणि मला कळू दिली नाहीस. तसं पुन्हा करू नकोस. माझं चुकलं की सांग, ओरडून सांग, कान तसे आहेत. मी तुला दाराबाहेर उभं करत होतो ते पोरीच्या हाताला ग्रीस लागू नये म्हणून, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. कारण एवढंच होतं की मुलगी हे काम करेल असं मला कधी वाटलंच नाही.

परतीच्या वाटेवर विहीणबाईंच्या छातीला टाके असतील. निघण्याआधी ते नट एकदा बघायला हवेत. कसे बघायचे ते मी लिहीत नाही. तू बघ आणि तुला ठीक वाटलं तरच निघ. मोरी दुरुस्त झाली नसेल तर निघू नको, इथे ये. खोली झाडून ठेवलीय, उश्या तीन आहेत.

आता पोस्टातला कारकून माझ्याकडे बघतोय, टपाल बांधायची वेळ झाली. विहीणबाई शुद्धीवर आल्या का, काय बोलल्या, माझ्यावर अजून रागावल्यात का, एवढं लिही. दोन ओळी चालतील. डॉक्टरांची वाट बघू नकोस, शाई सुकायची बघू नकोस, आजच टाक. मी बुधवारी सकाळी इथेच बाकावर असेन.

तुझा
बाबा